पावसाळी सकाळी सेल्फ लागत नाही. ईसीएम (इंजिनाचा संगणक) बदलावे का?

प्रश्न (रंकाळावेसकर)

माझी 2014 सालची डिझेल गाडी गेल्या तीन आठवड्यांपासून पावसाळी सकाळी सुरू होत नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डचे बाकीचे दिवे लागतात, चावीचे चित्र असलेला दिवा भराभर लुकलुकतो, इंजिनाचा पिवळा दिवा मात्र लागतच नाही आणि सेल्फ साधा ‘टक्’ असा आवाजही करत नाही. दुपारी ऊन पडले की तीच गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते. टोचन करून एका गॅरेजमध्ये नेली, तोपर्यंत ती वाळली होती. तेथील स्कॅनरवर यू0100 हा कोड आला, त्यावरून ईसीएम गेल्याचे सांगून त्यांनी नव्यासाठी 38,000 रुपयांचा अंदाज दिला. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच बदललेली आहे. हा खर्च करावा का?

उत्तर 1 (गगनबावडा रोड)

नवी बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी, असे गृहीत धरू नका. बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना साधारण 9.6 च्या वर दाब मिळतो का, ते पाहा. त्याहून कमी दाबावर गाडीतली मॉड्यूल, म्हणजे निरनिराळी कामे सांभाळणारे छोटे संगणक, भलतेसलते कोड दाखवतात. इंजिनापासून चासीकडे येणारी अर्थिंगची पट्टीही सोडून, घासून परत आवळा.

उत्तर 2 (उद्यमनगर, वायरिंग)

वरची तपासणी करावीच, पण केवळ दुबळ्या बॅटरीचा दोष उन्हात दुपारी बरा होऊन पुन्हा पावसात उलटत नाही. ही लक्षणे पाण्याची वाटतात. यू0100 या कोडचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलला ईसीएमचा आवाज ऐकू आला नाही. तो का आला नाही, याबद्दल कोड काहीच सांगत नाही. ईसीएमला वीज मिळत नसेल, त्याची अर्थिंगची तार तुटली असेल, किंवा ज्या दोन तारांवरून सगळी मॉड्यूल बोलतात त्या कॅनच्या तारा कोणीतरी अडवून धरल्या असतील, तरी हाच कोड येतो.

म्हणून गाडी बिघडलेल्या अवस्थेत असतानाच, म्हणजे सकाळी, मोजमाप करावे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटे थांबा आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 या पिनांमधला रोध मल्टिमीटरने मोजा. कॅनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी 120 ओहमचे रोधक असतात, ते समांतर जोडलेले असल्यामुळे निरोगी गाडीत सुमारे 60 ओहम दिसतात. 120 दिसले तर एका टोकाचा संपर्क तुटला आहे. 60 पेक्षा बरेच कमी दिसले तर दोन तारांच्या मध्ये काहीतरी शिरले आहे. काही गाड्यांत सॉकेट आणि या तारांच्या मध्ये गेटवे नावाचे वेगळे मॉड्यूल असते आणि तेथे हा हिशेब जमत नाही, पण तुमच्या गाडीत तो बहुतेक जमेल.

आकडा कमी आला तर मीटर तसाच लावून ठेवून एकेक मॉड्यूलचा कनेक्टर काढत जा. जो काढल्यावर आकडा 60 वर उडी मारेल, गुन्हेगार तेथेच आहे. ईसीएममध्ये बहुधा एका टोकाचा रोधक असतो, त्यामुळे ते काढल्यावर आकडा वाढला म्हणून त्यालाच दोषी ठरवू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मात्र हात लावू नये.

उत्तर 3 (शाहूपुरी)

भंगारातले ईसीएम घेण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडून द्या. चावीतली चिप, इमोबिलायझर (अनोळखी चावीने गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख पटलेली असते. दुसऱ्या गाडीचे ईसीएम तुमची चावी ओळखणार नाही आणि प्रोग्रॅमिंगचा खर्च पुन्हा वेगळा येईल.

रंकाळावेसकर

काल रात्रभर पाऊस होता, त्यामुळे सकाळी संधी मिळाली. 6 आणि 14 मध्ये 60 ऐवजी 20 ते 35 ओहम दिसत होते आणि आकडा एका जागी ठरत नव्हता. एबीएसचा कनेक्टर काढून फरक पडला नाही. ग्लोव्ह बॉक्समागचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, काचा, कुलपे सांभाळणारे) काढले आणि आकडा सरळ 61 वर गेला. कनेक्टर उलटा धरला तर दोन थेंब माझ्या मनगटावर पडले. आत शेजारशेजारच्या पिनांवर पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक होता. पुढच्या काचेखालच्या जाळीत वर्षभराचा गुलमोहराचा पाला साचून पाण्याची वाट बुजली होती, म्हणून पाणी आत उतरत होते. जाळी साफ केली, पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवल्या आणि गाडी सुरू झाली. मॉड्यूलच्या आतल्या कार्डावरही (सर्किट बोर्डावर) कळंक असेल का?

उत्तर 2 (उद्यमनगर, वायरिंग)

आकडा हलत होता तो ओलाव्यामुळेच. कार्डाचे म्हणाल तर मॉड्यूल उघडून भिंगाखाली पाहावे. कळंक पिनांच्या मुळापर्यंत गेला असेल तर नुसते धुऊन भागत नाही, त्या पिना बदलाव्या लागतात. मात्र त्याआधी जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि ते चाकामागून खाली पडते की अजून आत येते, ते पाहा.