चिनी चहाची चकती ओळखायची कशी? (सोसायटी ग्रुप, कोथरूड)

स्नेहा (बी-३०२): ऑनलाइन मागवलेला चिनी चहा आलाय. ताटलीएवढी दाबलेली चकती, ३५७ ग्रॅम. कागदावर सगळं चिनीत. विक्रेत्याने नुसतं 'चायनीज टी, २००६' लिहिलंय. हा नेमका कोणता?

कुलकर्णी काका (ए-७०१): ३५७ ग्रॅमची चकती म्हणजे बहुधा चीनच्या युन्नान प्रांताचा पू-एर, साठवून जुना करतात तो चहा. अशा सात चकत्यांचा गठ्ठा बांधतात, साधारण अडीच किलोचा. पण हल्ली फुजियानचा पांढरा चहाही असाच दाबून विकतात, तेव्हा नुसत्या वजनावर जाऊ नकोस. कागदाच्या मागे 'एससी' (SC, चीनचा अन्न-उत्पादन परवाना) आणि पुढे १४ आकडे आहेत का बघ. पहिले तीन ११४ असतील तर चहाचा परवाना. पुढचे दोन प्रांताचे: ५३ युन्नान, ३५ फुजियान, ४३ हुनान.

स्नेहा: एससी ११४५३ ने सुरू होतोय!

कुलकर्णी काका: म्हणजे कारखाना युन्नानचा. आता २००६ चं बघू. एससी परवाने ऑक्टोबर २०१५ पासून सुरू झाले, त्याआधी 'क्यूएस' (QS) असायचं. म्हणजे हा कागद २००६ चा असूच शकत नाही. एक तर जुना चहा नव्या कागदात बांधलाय, नाही तर साल खोटं आहे. उत्पादनाची तारीख वेगळी छापलेली असते, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाच. आणि ७५४२ किंवा ७५७२ असे चार आकडे दिसले तर तेही चहाचं साल समजू नकोस. ७५ म्हणजे ते मिश्रण ठरलं ते १९७५, तिसरा आकडा पानाच्या प्रतीचा, शेवटचा २ म्हणजे मेंगहाय कारखाना.

मृणालताई (सी-१०४): काकांचं बरोबर आहे, पण कागद बदलता येतो, पान नाही. पू-एर कच्चा (ढिगात न मुरवलेला) की पक्का (मुरवलेला) हे पाण्यात कळतं. कडेने बोथट सुरी आडवी घालून थर उचल. खलबत्त्यात कुटू नकोस, चुरा झाला की नुसता कडूपणा उतरतो. ५ ग्रॅम चहा, १०० मिली उकळतं पाणी. पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून टाक, दुसरं वीस सेकंद ठेव. पिवळा ते नारिंगी रंग आला तर कच्चा, गडद तांबडा-काळपट आला तर पक्का. फार जुना कच्चाही तांबूस होतो, म्हणून ओलं पान उलगडून बघायचंच. कच्च्याचं लवचिक, हिरवट-तपकिरी. पक्क्याचं काळपट, बोटात चुरगळणारं, कारण ओल्या ढिगात तो महिना-दीड महिना मुरवलेला असतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी वापरू नकोस, वर तवंग येतो आणि रंग फसवतो.

स्नेहा: ताई, एका बाजूला पांढरट ठिपके आहेत. बुरशी असेल?

मृणालताई: भिंगातून बघ. पानालगत झोपलेली चंदेरी लव असेल तर ती कोंबाचीच. कापसासारखं उभं, हिरवट किंवा काळं काही असेल आणि कुबट वास येत असेल तर पिऊ नकोस, सगळा टाकून दे. हुनानच्या फू विटेत (विटेसारख्या दाबलेल्या चहात) मात्र पिवळ्या बुरशीचे कण मुद्दाम वाढवतात, पण तुझी चकती ती नाही.

स्नेहा: लवच आहे, वास ओल्या मातीसारखा. दुसऱ्या पाण्यालाच गडद विटकरी रंग आला. पान काळपट, उलगडता उलगडत नाही.

मृणालताई: मग पक्का पू-एर. दूध-साखर नको, याच पानांवर पाच-सहा वेळा पाणी ओतून होतं. कागदातच ठेव, मसाल्यांपासून लांब, फ्रिजमध्ये नको. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा दर आठवड्याला काढून बघत जा.

कुलकर्णी काका: आणि विक्रेत्याला एससी क्रमांकाचा फोटो पाठवून सालाचा खुलासा आजच माग. परत करण्याची मुदत संपली की कोणी दाद देत नाही. उरलेली चकती तोवर मोडू नकोस.