मशीन सोडा, आधी पट्टा बघा

घरचं डिजिटल बीपी मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं म्हणजे ते भंगार, असं म्हणतात ते काही मला पटत नाही. एकतर बीपी मुळात सारखं हलतच असतं, त्यात ही मशीन्स डॉक्टरांसारखा स्टेथोस्कोपमधला आवाज ऐकतच नाहीत, नाडीमुळे दंडाला गुंडाळलेल्या पट्ट्यातल्या दाबात जी बारीक थरथर होते ती पकडतात, थरथर सगळ्यात जास्त तिथे सरासरी दाब धरायचा आणि वरचा-खालचा आकडा त्यावरून कंपनीच्या स्वतःच्या फॉर्म्युल्याने काढायचा, असा प्रकार आहे. त्यामुळे दोन कंपन्यांची मशीन्स शेजारी ठेवून भांडण लावण्यात अर्थ नाही. (नाडी अनियमित असेल तर मात्र गंडतात, हे खरं.)

आमच्याकडे घोळ वेगळाच निघाला. बाबांचं वरचं सारखं १५० च्या पुढे, मशीन बदलून झालं, शेवटी एका नर्सने दंडाला मापाची टेप लावून सांगितलं की पट्टा लहान पडतोय. लहान पट्टा आकडा फुगवतो. मोठा लावल्यावर १३५ च्या आसपास आलं. पट्ट्यावर दंडाच्या घेराचं माप सेंटीमीटरमध्ये छापलेलं असतं, ते आम्ही कुणी बघितलंच नव्हतं! आणि हो, मोजताना बाबा अखंड बोलत असायचे, त्यानेही वाढतं.