कोरा फुगाही वाचावा लागतो
चित्रकादंबरीत (ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली गोष्ट) मुलं नुसती चित्रं बघतात, वाचत नाहीत, हे मत मला अजिबात पटत नाही. गेल्या महिन्यात दादरला बहिणीकडे राहिले तेव्हा नऊ वर्षांच्या भाचीबरोबर सीसी बेल यांची 'एल डेफो' (२०१४) वाचली. चौथ्या वर्षी मेंदूज्वरामुळे ऐकू येणं गेलं, त्याची लेखिकेची स्वतःचीच गोष्ट. माणसं मात्र सगळी सशांच्या रूपात. श्रवणयंत्राची बॅटरी उतरत जाते तशी संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, ऐकूच येत नाही तेव्हा फुगा कोरा. भाची त्या कोऱ्या फुग्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "मावशी, आता तिला काहीच ऐकू येत नाहीये." हे तिथे शब्दांत कुठेही लिहिलेलं नव्हतं! अमेरिकेत बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक १९२२ पासून देतात, पण चित्रकादंबरीला ते पहिल्यांदा मिळायला २०२० उजाडलं, म्हणजे हा गैरसमज तिकडेही जुनाच असणार.

आणि प्रेमकथा म्हणजे टाइमपास, असंही काहीजण म्हणतात, त्याबद्दल एवढंच: हेलन होआंग यांच्या 'द किस कोशंट'ची (२०१८) नायिका ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचताना, स्पर्शाचा तिला होणारा त्रास मला फार जवळून कळला.