आगळाचा लाल रंग म्हणजे गार्सिनॉल नव्हे
वर कुणीतरी लिहिलंय की आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, मीठ घालून काढलेला रस) जितकं लाल तितकं त्यात गार्सिनॉल (सालीतलं एक द्रव्य) जास्त. इथे जरा गल्लत होतेय. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो पाण्यात उतरतो, गार्सिनॉल मुळात पिवळं आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, रातांब्याच्या सालीतून ते काढायला अल्कोहोल नाहीतर हेक्झेनसारखं सॉल्व्हंट लागतं, मग मीठ घालून सुटलेल्या रसात ते कितीसं येणार? आंबट चव मात्र हायड्रॉक्सीसायट्रिक अ‍ॅसिडची, ते येतं.

पण तेही मोजायला सोपं नाही हां. रत्नागिरीत बीएस्सीला असताना आम्ही घरच्या आमसुलांचा अर्क टायट्रेट करायला (म्हणजे थेंबथेंब कॉस्टिक सोडा घालून त्यातलं आम्ल मोजायला) घेतला, फिनॉल्फ्थेलिन हा दर्शक टाकून गुलाबी झालं की थांबायचं, पण इथे द्रावणच आधी लालभडक, कॉस्टिक पडत गेलं तसं ते जांभळट आणि मग हिरवट व्हायला लागलं (आगळाची बरणी सोड्याने धुताना होतं ना, अगदी तसंच), थांबायचं कधी तेच कळेना. शेवटी पीएच मीटर लावला. आणि एवढं करून हातात आला तो एकूण आम्लाचा आकडा, त्यात मॅलिक, सायट्रिक सगळंच. वेगवेगळं पाहिजे तर एचपीएलसीच (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) करावं लागतं, त्यामुळे पाकिटावर हायड्रॉक्सीसायट्रिकचा नुसता टक्का छापलेला असला तर कसा मोजला ते आधी विचारा.