शब्दचर्चा: खेळातल्या ‘थिऑक्रसी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आमच्याकडे भाचरं जमली की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पित जगात पात्रं होऊन खेळायच्या खेळाचा डाव बसतो, तोही मराठीतून. त्यांच्यासाठी एबेरॉन या त्यातल्या एका कल्पित जगातल्या देशांची माहिती मराठीत उतरवतेय. थ्रेन देशापाशी अडले. तिथे ‘थिऑक्रसी’ आहे, म्हणजे देवाच्या किंवा धर्माच्या नावानं चालणारं राज्य. धर्मराज्य, देवराज्य, पुरोहितशाही, यांतलं काय घेऊ?

प्रतिसाद
ताई, धर्मराज्य नकोच. धर्मराज म्हटलं की आपल्याला युधिष्ठिर आठवतो, आणि धर्मराज्य म्हणजे न्यायानं चाललेलं राज्य. मुलं थ्रेनमध्ये पाऊल टाकायच्या आधीच तिथला कारभार चांगला ठरून जाईल.

देवराज्य हा मूळ ग्रीक शब्दाला सर्वांत जवळचा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस यानं तो घडवला. इतर लोकांनी सत्ता एका राजाकडे, मोजक्या लोकांकडे किंवा जनतेकडे दिली, ज्यूंना धर्मनियम देणाऱ्या मोशेनं मात्र ती सगळी देवाला वाहिली, हे त्याला ग्रीक वाचकांना सांगायचं होतं. पण थ्रेनला देवराज्यही बसत नाही. तिथली रुपेरी ज्योत म्हणजे सिंहासनावर बसणारा देव नव्हे, दुष्ट शक्तींना जखडून ठेवणारी ती एक शक्ती आहे. तिच्या वतीनं बोलते जेला दारान ही अकरा वर्षांची मुलगी. फ्लेमकीप या राजधानीत तिच्या मंत्रसामर्थ्यापुढे कुणी टिकत नाही, राजधानीबाहेर पडली की ते बरंचसं ओसरतं. रोजचा कारभार कार्डिनल, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, बघतात. राणी दियानी आहे, पण नावापुरती. अशा ठिकाणी सरळ ‘धर्मपीठाचं राज्य’ म्हणा. हुकूम कुठून सुटतो ते लगेच कळतं.

प्रतिसाद
पुरोहितशाहीबद्दल माझंही मत घ्या. पुरोहित म्हणजे आपल्या लेखी सत्यनारायण सांगणारे, लग्न लावणारे गुरुजी. कार्डिनल त्यात मावत नाहीत. शिवाय हुकूमशाही, झुंडशाही ऐकून ऐकून ‘शाही’ला आता दूषणाचा वास येतो.

आपल्याकडे यासाठी फार चांगले शब्द पडून आहेत. ‘संस्थान’ राजाचंही असतं आणि देवाचंही. ‘गादी’ छत्रपतींची असते, तशी मठाचीही असते. जेला ‘ज्योतीच्या गादीवर’ आहे असं लिहा, मुलांना वेगळं समजवावं लागणार नाही.

प्रतिसाद
त्रावणकोर यात कुठे बसवायचं? १७५० मध्ये मार्तंड वर्म्यानं आख्खं राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केलं आणि पुढचे राजे स्वतःला पद्मनाभदास म्हणवून राज्य करत राहिले.

प्रतिसाद
ते देवाच्या नावानं चाललेलं राजाचं राज्य. पुजारी काही गादीवर बसले नाहीत, म्हणून मी त्याला थिऑक्रसी म्हणणार नाही.

देवराज्य हा शब्द मी मुल्होरंडसाठी राखून ठेवीन. ‘फरगॉटन रेल्म्स’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच दुसऱ्या जगातल्या त्या देशात देवांचे अवतारच प्रजेत वावरतात. तिथे शब्द अक्षरशः खरा आहे. याच कारणानं खेळातली धर्मसत्ता इतिहासातल्या धर्मसत्तेहून वेगळी वागते. देव खरोखर मंत्रबळ देतो, त्यामुळे धर्मगुरूचा अधिकार पडताळून बघता येतो.

‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळातला राझमिरान हा देश मला याचसाठी मोलाचा वाटतो. तिथला राझमिर स्वतःला जिवंत देव म्हणवतो, पण मुखवट्याआड आहे एक म्हातारा होत चाललेला जादूगार. वय रोखणाऱ्या अमृतासाठी त्याची धडपड चालू असते. त्याच्या मुखवटाधारी पुजाऱ्यांना देवाकडून काही मिळत नाही, ते जादूलाच देवाची कृपा म्हणून खपवतात. मुलांच्या हाती द्यायच्या कागदावर मात्र तिथे बिनदिक्कत ‘देवराज्य’ लिहा. देश स्वतःला जे म्हणवतो तेच त्या कागदावर हवं. तिथे ‘ढोंग्याचं राज्य’ लिहिलंत तर मुखवटा उतरवायची सगळी मजा गेली.

प्रश्नकर्ती
पटलं. थ्रेनला ‘धर्मपीठाचं राज्य’, जेलाला ‘ज्योतीची गादी’. ग्रेहॉक या खेळातल्या आणखी एका जगात पेल देशाच्या प्रमुखाची पदवीच ‘थिओक्रॅट’ आहे, त्याला काय म्हणू?

प्रतिसाद
पीठाधीश.