शटलच्या दोन उड्डाणांमध्ये इतके दिवस का जात?

प्रश्न: नासाचे पुन्हा वापरता येणारे अंतराळयान स्पेस शटल दोन आठवड्यांत पुन्हा उडवता येईल, असा मूळ अंदाज होता, प्रत्यक्षात सर्वांत जलद फेरी, १९८५ साली अटलांटिस या शटलची, उड्डाण ते उड्डाण ५४ दिवसांची ठरली. हा वेळ नेमका कशात जात असे?

प्रतिसाद १: बराचसा फरशांमध्ये. यानाच्या अंगावर सुमारे २४,००० उष्णतारोधक फरशा होत्या आणि बहुतेकींचा आकार वेगळा असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नसे. शिवाय परतीच्या तापाने आतले जलरोधक रसायन जळून जाई, म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर ते एकेका फरशीत सुईने पुन्हा टोचावे लागे.

प्रतिसाद २: हायड्राझीन हे इंधन विसरू नये. ते विषारी असल्याने त्याचे काम चालू असताना बंद पोशाखातले तंत्रज्ञ सोडून बाकीच्यांना बाहेर जावे लागे, आणि इतर कामे खोळंबत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटला लवकर पुन्हा उडणे कसे साधले?

प्रतिसाद १: तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण तिथे परततो तो फक्त पहिला टप्पा, म्हणजे रॉकेटचा खालचा भाग, जो कक्षेच्या वेगाला पोचलेलाच नसतो. केरोसीनची काजळी अंगावर घेऊनच तो पुन्हा उभा राहतो. मार्च २०२५ मध्ये अशा एका टप्प्याने अवघ्या ९ दिवसांत पुढचे उड्डाण केले.