मदत हवी आहे : मेकॅनिकलच्या मुलीसाठी लॅपटॉप, इंटेल की रायझन प्रोसेसर?

नमस्कार मंडळी. मुलीला यंदा मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. बजेट ७० हजारांच्या आत. शनिवारी पुण्यात तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत दोन तास फिरलो. जो तो म्हणतो, "इंटेलच घ्या काका." का, ते कुणी सांगत नाही.

मला ते पटत नाही. इंटेलने घरगुती डेस्कटॉप वर्षानुवर्षं चार कोअरवरच (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) अडकवून ठेवले होते. २०१७ मध्ये एएमडी कंपनीचं रायझन आलं आणि त्याच वर्षी इंटेललाही सहा कोअर द्यावे लागले. स्पर्धा आली की गिऱ्हाइकाचं भलं होतं, म्हणून माझा कल रायझनकडे. मॅक बाद, कारण सॉलिडवर्क्सला (मेकॅनिकलवाल्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) विंडोज लागतं.

खरी काळजी रॅमची. माझ्या जुन्या लॅपटॉपची रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. ८ जीबी पुरेना, वाढवता येईना, शेवटी चांगलं मशीन माळ्यावर गेलं. फार वाईट वाटलं होतं.

ज्यांची मुलं सॉलिडवर्क्स वापरतात त्यांनी कृपया सांगा, १६ जीबी पुरते का? वेगळं ग्राफिक्स कार्ड पहिल्या वर्षापासूनच लागतं का? आणि रॅमचा स्लॉट असलेलं रायझनचं कुठलं मॉडेल तुम्ही स्वतः वापरलंय? कॉलेज सुरू व्हायच्या आत घ्यायचाय.